भांडारखोलीतलं संग्रहालय

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या सकाळच्या सत्रातील भाषण. वक्त्या आपल्या शाळेच्या १९७९ च्या दहावीच्या विद्यार्थिनी. मुंबईतील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त होऊन आता गावी राहतात.)



संयोजकांनी मला जेवणाआधीची वीस मिनिटं दिली आहेत. मागच्या अंगणात वडे तळायला घेतलेत, वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे माझी स्पर्धा कुणाशी आहे हे मला ठाऊक आहे.

आधी एक प्रश्न. आपल्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता हे किती जणांना आठवतं? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळे. आता त्याला स्वतः डोळा लावून ज्यांनी पाहिलं, त्यांनीच हात वर ठेवा. एक. सर, तुमचा धरत नाही, तुम्ही शिक्षक होतात!

पितळी नळीचा, लाकडी पेटीत तांबड्या मखमलीवर निजवलेला तो सूक्ष्मदर्शक हेडमास्तरांच्या कपाटात असे. तपासणीला साहेब येणार असले की तो टेबलावर यायचा आणि आम्ही रांगेने त्याच्यासमोरून जायचो. हात मागे बांधून. देवळात पालखीचं दर्शन घेतात तसं. मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो मुंबईत, डीएमएलटीच्या वर्गात. पहिली दहा मिनिटं मला माझ्याच पापणीचे केस दिसत होते आणि मी ते जंतू म्हणून वहीत काढले. शेजारची मुलगी इतकी हसली की बाई आमच्याकडे आल्या. त्यानंतर अडतीस वर्षं मी त्याच यंत्रासमोर बसून पोट भरलं. मलेरिया, क्षय, रक्ताच्या पेशी, काय काय पाहिलं. पण शाळेतल्या त्या पेटीचा राग माझ्या मनातून गेला नाही. सरांचा राग नाही. एकच यंत्र, मोडलं तर दुसरं आणायला पैसे नाहीत, मग माणूस कुलूपच लावणार.

आता दुसरी आठवण सांगते. ती आमच्या तुकडीची आहे, बाकीच्यांनी ऐकून घ्यावी.

१९७७ चा जुलै. आम्ही नववीत. वर्गात बेचाळीस जण. आमच्यातला एक मुलगा सोमवारी आला नाही. पाऊस एवढा होता की कोण आलं नाही याचं कुणाला काही वाटलं नाही. दुपारी कळलं, तो गेला. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला होता. आईने ओवा दिला, गरम पाणी दिलं. मग घशात काहीतरी अडकल्यासारखं होतंय म्हणाला. डोळे मिटायला लागले तेव्हा घरच्यांना वाटलं, रात्रभर झोप झालेली नाही, झोपू दे. उजाडल्यावर त्याला मान धरवेना. अंगावर जखम नाही, सूज नाही, काही नाही. कुणीतरी बाहेरची बाधा म्हणालं, मांत्रिकाला आणलं. तिथे दोन तास गेले. मग चौघांनी डोलीतून निघून ओढ्यापर्यंत नेला. ओढ्याला पाणी होतं. ओढ्याच्या अलीकडेच संपलं.

त्याच्या घरच्यांनी नंतर कांबळं उचललं तेव्हा खाली मण्यार निघाली.

पडवीत जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री चावते आणि बऱ्याचदा त्याला कळतही नाही. मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही. फुरसं किंवा घोणस चावली तर हातपाय सुजतो, रक्त येतं, माणूस घाबरून का होईना दवाखान्याकडे धावतो. मण्यारीचं तसं नाही. पहाटे उठून पोटात दुखणं, उलटी, पापण्या जड होणं, गिळता न येणं. मग हळूहळू श्वासाचे स्नायू थांबतात. हे सगळं मी शिकले, पण ते नोकरीत लागल्यावर, रुग्णालयाच्या वाचनालयात. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला नाही.

निवृत्त होऊन २०२१ साली गावी आले. शाळेत सहज गेले तर भांडारखोली तशीच, मोडके बाक, जुन्या उत्तरपत्रिका आणि घुशींची बिळं. मी मुख्याध्यापकांना विचारलं, ही खोली द्या, मुलांसाठी आरोग्याचं आणि विज्ञानाचं छोटं संग्रहालय करते. ते लगेच हो म्हणाले. मला वाटतं त्यांना खोली साफ होण्याशी मतलब होता.

आता माझी फजिती ऐका. १५ ऑगस्ट २०२२ ला आपण संग्रहालयाचं उद्घाटन केलं, तुमच्यापैकी काही जण होतात. काय होतं त्यात? संतुलित आहाराचा तक्ता. पचनसंस्थेचा तक्ता. हात कसे धुवावेत याचा तक्ता. काचेच्या कपाटात प्लास्टिकचा सांगाडा. रिबीन कापली, पेढे वाटले, फोटो पेपरात आला. दुसऱ्या दिवशी सहावीचा वर्ग बघायला आला. चाळीस मुलं, ओठांवर बोट ठेवून, रांगेने. मी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटांत सगळी बाहेर. शेवटच्या मुलाने सांगाड्यासमोर थांबून विचारलं, "बाई, हात लावला तर चालेल?" आणि माझ्या तोंडून गेलं, "नाही."

त्या रात्री मला तो पितळी सूक्ष्मदर्शक आठवला. मी सव्वा वर्ष खपून एक मोठी मखमलीची पेटीच तयार केली होती.

मग मी जरा वाचायला लागले. लहान मुलांसाठी वेगळं संग्रहालय ही कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १८९९ साली असं पहिलं संग्रहालय निघालं. बोस्टनचं १९१३ चं, ते तर विज्ञानशिक्षकांनीच काढलं. त्या बोस्टनच्या संग्रहालयात १९६२ मध्ये मायकेल स्पॉक नावाचे संचालक आले. बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे जगभर गाजलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे ते चिरंजीव. त्यांना लहानपणी वाचायला फार जड जायचं, अक्षरं जुळायची नाहीत. अशा माणसाने काचेची कपाटं हटवून मुलांच्या हातात वस्तू दिल्या, यात मला नवल वाटत नाही. तक्ता कुणाला कळत नाही हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं. सॅनफ्रान्सिस्कोला १९६९ मध्ये फ्रँक ओपनहायमर यांनी एक्स्प्लोरेटोरियम सुरू केलं. अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरांचे ते धाकटे भाऊ. त्यांच्या लोकांनी आपली उपकरणं कशी बनवायची याची पाककृतीसारखी पुस्तकं छापली, की घ्या आणि तुमच्याकडे बनवा. आपल्याकडे पुण्यात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून तेच केलं. काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हाल्व्हची नळी, स्ट्रॉ. त्यांची पुस्तकं मी मागवली तेव्हा लक्षात आलं की सव्वा वर्षात माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं की ही खोली मुलांच्या हातांनी चालायला हवी.

२०२३ च्या मे महिन्यात भाच्याकडे जर्मनीला गेले होते. तो ड्रेस्डेनजवळ असतो. तिथे जर्मन आरोग्य संग्रहालय आहे, १९१२ सालचं. त्याचा कर्ता कार्ल आउगुस्ट लिंगनर हा चूळ भरण्याचं औषध विकून श्रीमंत झालेला कारखानदार. १९११ साली त्याने आरोग्याचं एवढं मोठं प्रदर्शन भरवलं की पन्नास लाखांवर माणसं येऊन गेली, त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं. १९३० मध्ये त्यांनी पारदर्शक माणूस दाखवला, आतले अवयव एकेक करून उजळणारा. तशी एक प्रतिमा आजही तिथे आहे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. पण त्याच संग्रहालयाचा नाझींनी वंशशुद्धीच्या प्रचारासाठी वापर केला, हेही तिथे लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही. बाहेर बाकावर बसून मी भाच्याला म्हटलं, आरोग्य शिकवणाऱ्याने वरून हुकूम सोडायला सुरुवात केली की असंही होऊ शकतं. तो म्हणाला, "मावशी, तुझी एक खोली आहे." खरं आहे. पण माझ्या खोलीतही सगळे तक्ते "करावे" आणि "करू नये" असेच होते. त्या संग्रहालयात मुलांसाठी पंचेंद्रियांचा वेगळा विभाग आहे. तिथे पाचेक वर्षांची एक पोरगी कुठलंसं यंत्र पुन्हा पुन्हा चालवत होती आणि तिला कुणी रागवत नव्हतं.

परत आले आणि तक्ते काढले. सांगाडा कपाटाबाहेर आला. त्याचा एक हात पहिल्याच आठवड्यात निखळला. आठवीच्या मुलांनी तो तारेने बसवला, उलटा बसवला, मग आपला हात चाचपून बघत सुलटा केला. पुढच्या हाडांच्या धड्यात त्या मुलांना मनगटाची आठ हाडं तोंडपाठ.

आता खोलीत काय आहे ते सगळं सांगत बसत नाही, तुम्ही बघालच. दोन-तीन गोष्टी सांगते.

हात धुण्याचा तक्ता गेला, त्या जागी खोबरेल तेलात कालवलेली हळद आली. मुलं ती हातांना चोळतात, मग निम्मी मुलं नुसत्या पाण्याने धुतात, निम्मी साबणाने. नंतर नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना दुकानात, त्याखाली हात धरतात. उरलेली हळद चमकते. नखांच्या कडेला, बोटांच्या बेचक्यात, जिथे आपण सगळे धुवायचं विसरतो तिथेच. एका मुलीने विचारलं, साबणाने हळद लाल का झाली? मी हे ठरवलेलंच नव्हतं. त्यातून आम्ल, अल्कली, लिंबू, चुना, राख असा पंधरा दिवसांचा पसारा झाला आणि विज्ञानाच्या बाईंचा एक धडा परस्पर आटोपला.

मिठा-साखरेच्या पाण्याचं टेबल आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचं सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचं पाणी पिंपात करून आयाबायांच्या हातांनी पाजवलं. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. ही गोष्ट मुलांना सांगितली की ती ऐकतात. पण खरी गंमत पुढे आहे. एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे सगळ्यांना पाठ. मी म्हटलं, उद्या घरातला चमचा घेऊन या. वीस मुलांनी वीस चमचे आणले. शाळेच्या तराजूवर अर्धा चमचा मीठ तोललं तर कुणाचं दोन ग्रॅम, कुणाचं पाच. पाच ग्रॅम घातलेलं पाणी आजारी बाळाला पाजलं तर उलट अपाय. तेव्हापासून मुलं घरच्या चमच्यावर नेलपॉलिशने खूण करून नेतात. आता गावात कुणाच्या मिसळणाच्या डब्यात ठिपका असलेला चमचा दिसला तर समजा, त्या घरातलं पोर आपल्याकडे येऊन गेलंय.

पितळी सूक्ष्मदर्शकही आहे. पेटी उघडली तेव्हा भिंगावर बुरशी चढली होती, आपल्या हवेत चढतेच. मुंबईहून साफ करून आणला. टेबलावर उघडा ठेवलाय. कांद्याची साल, शेतातलं पाणी, आणि मुलांची सर्वात आवडती वस्तू म्हणजे ऊ. ती कुणाच्या डोक्यातून आणली यावरून एकदा मारामारी झाली. दोन वर्षांत काचपट्ट्या फुटल्या चौतीस. यंत्र धडधाकट आहे.

तंटेही झाले, लपवत नाही. खाटकाकडून बोकडाचं काळीज, म्हणजे हृदय, आणून कप्पे दाखवले तेव्हा शाळा आहे की खाटीकखाना असं मला थेट विचारलं गेलं. मी म्हटलं, रविवारी ताटात चालतं, सोमवारी टेबलावर का चालत नाही? पण शाकाहारी घरांतल्या मुलांचा विचार मी केला नव्हता, ते त्यांचं बरोबर होतं. आता त्या दिवशी आधी सांगते आणि ज्याला नको तो बाहेर नाडी मोजतो. मुलींच्या पाळीच्या कोपऱ्याबद्दल मात्र मी मागे हटले नाही. तिथे प्रश्नांची पेटी आहे, नाव न घालता चिठ्ठी टाकायची. सर्वांत जास्त चिठ्ठ्या मुलग्यांच्या अक्षरात असतात.

आता शेवटचा कोपरा. खोलीत शिरल्यावर डावीकडचा.

खरा साप बाटलीत ठेवायचा तर वन्यजीव कायदा आडवा येतो, आणि यावा. चित्रकलेच्या सरांनी कागदाच्या लगद्याची मण्यार केली आहे. निळसर काळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे, बरेचसे जोडीने, शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे पुसट. शेजारी कवड्या साप, तो बिनविषारी, त्याचे पट्टे मानेकडे ठळक. मुलं दोन्ही हातात घेऊन ताडून बघतात. आम्ही सांगतो की खराखुरा साप दिसला तर असं जवळ जाऊन पट्टे मोजायचे नाहीत.

त्याच्याशेजारी लाकडी पाटीवर एक विजेची घंटी आहे. बटण म्हणजे मेंदू, तार म्हणजे मज्जातंतू, घंटी म्हणजे स्नायू. बटण दाबलं की वाजते. मग मुलं घंटीजवळचं तारेचं टोक सोडवतात. बटण चांगलं, तार चांगली, घंटी चांगली, आणि वाजत नाही. मण्यारीचं विष एवढंच करतं, तारेचं टोक निकामी करतं. ते टोक शरीर पुन्हा तयार करतं, पण त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. प्रतिविष लवकर मिळालं तर पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही. म्हणून घाई. आणि तोवर श्वास दुसऱ्या कुणीतरी द्यायचा.

तो कसा द्यायचा, तेही ठेवलंय. बांबूच्या कामट्यांचा छातीचा पिंजरा, आत दोन फुगे, आणि त्याला जोडलेली अँबू बॅग, श्वास देण्याची रबरी पिशवी. माझ्या जुन्या रुग्णालयातून टाकून दिलेली मागून आणली. पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची. मुलं चढाओढीने दाबतात, दोन-तीन मिनिटांत हात भरून येतो. गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, दवाखान्यात यंत्र नसेल तर किती वेळ दाबायची? मी म्हटलं, पुढच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत. त्याने आपल्या वर्गाचा हिशेब केला. मग मी त्याला म्हटलं, वर्गात बेचाळीस मुलं असतील तर? प्रत्येकाने दहा मिनिटं दाबली तर चारशेवीस मिनिटं. सात तास. तो हे फळ्यावर लिहून खेळायला निघून गेला. मी ते पुसलं नाही.

हा कोपरा मांडण्याआधी मी आमच्या त्या वर्गमित्राच्या थोरल्या भावाकडे गेले होते. सत्तरीच्या पुढचे आहेत. खळ्यात बसून मी सगळं सांगितलं, पापण्या, घसा, घंटी, पिशवी. ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तेव्हा ह्या कोणाक म्हायत नाय व्हता काय?"

मी काय सांगणार? ती रबरी पिशवी १९५६ पासून मिळत होती. प्रतिविष मुंबईत परळला, हाफकिनमध्ये तयार होत होतं. लक्षणं पुस्तकांत छापलेली होती. मी म्हटलं, माहीत होतं. आपल्याला नव्हतं.

त्यांनी नाव घालू नका म्हणून सांगितलं. म्हणून खोलीत नाव नाही आणि आज मीही घेतलं नाही.

असं नका समजू की हे सगळं जुनं झालं. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. त्यांतली चौथ्या हिश्श्याहून जास्त पंधरा वर्षांच्या आतली मुलं. आपल्याच कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, जगाने तो वाचला. त्यांच्या दवाखान्यात पोचलेली मुलं वाचली. पण पोचायचं असतं, हे आधी घरात कुणाला तरी सुचावं लागतं.

तर यातून कुणाचा जीव वाचला का, असं मला नेहमी विचारतात. देणगीच्या पत्रात घालायला बरं असतं. अजून तसं काही घडलेलं नाही. घडलं ते असं. गेल्या पावसाळ्यात सातवीतला एक मुलगा पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. मला मण्यार चावली असेल, आत्ताच्या आत्ता तालुक्याला न्या, ओवा नको. बापाने रिक्षा केली. डॉक्टरांनी दुपारपर्यंत ठेवून घेतलं, पापण्या बघितल्या, काही निघालं नाही. आदल्या दिवशी फणसाचे गरे जास्त झाले होते. तिसऱ्या दिवशी बाप माझ्या दारात. "बाय, तुमच्या त्या म्युझियमापायी माजे सहाशे रुपये गेले." मी माफी मागितली, चहा दिला. पैसे देऊ केले, घेतले नाहीत. तो गेल्यावर मी बराच वेळ पायरीवर बसून होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

आता कामाचं. खोलीला आजवर सव्वादोन लाख खर्च आला, हिशेब दारावर लावला आहे, कौलं चाळण्याचेही पैसे त्यात आले. पैसे तुम्ही दिलेत, आणखी द्याल. संस्थेने खोली येत्या मेपर्यंत दिली आहे. पुढे तिथे मोठा पडदा लावून डिजिटल वर्ग करावा असा विचार आहे. अध्यक्ष इथेच बसलेत, त्यांच्यासमोर बोलते. पडदा वाईट नाही. पण पडद्यावरची पिशवी दाबून हात भरून येत नाही. पडद्यासाठी दुसरी खोली शोधू, मीही शोधायला येते.

खरी अडचण माझी आहे. किल्ली माझ्याकडे असते. मी बासष्टची आहे आणि माझा उजवा गुडघा सत्तरचा. मला तुमच्याकडून प्रत्येकी वर्षातले दोन शनिवार हवेत. डॉक्टर असण्याची अट नाही. आपल्यात वायरमन आहेत, घंटी बिघडली की मी त्यांनाच बोलावते. सुतार आहेत, शिवणकाम करणाऱ्या आहेत, एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक आहेत. ज्याला जे येतं ते मुलांपुढे हाताने करून दाखवायचं. मुंबईवाल्यांनी गणपतीला आणि मे महिन्यात यायचं, तसेही येताच. वही दाराजवळ ठेवली आहे, तारीख घालून नाव लिहायचं. नुसतं "कळवतो" लिहिलं तर मी फोन करणार.

खोली आत्ता उघडी आहे. आठवीची सहा मुलं आत उभी आहेत. त्यांना मी बजावून ठेवलंय की मोठी माणसं येतील, मध्येमध्ये आपलंच सांगतील, त्यांना सांगू द्यायचं नाही, आधी करायला लावायचं. अध्यक्षांपासून सुरुवात करा म्हटलंय. वडे गरम आहेत तोवर जेवून घ्या आणि या. हात मात्र जेवणाआधी धुवा, दिवा माझ्या पर्समध्ये आहे.